डाएट कोक प्यावं का? आधी ते कशाच्या जागी पिताय ते बघा

मागच्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस आणि ६.५ पासून पुढे डायबेटिसच, म्हणजे मी अगदी उंबरठ्यावर. मग बाकी सगळे करतात तेच मीही केलं, नेहमीचं कोल्ड्रिंक बंद, डाएटचा कॅन चालू, चहात शुगरफ्रीची गोळी, आणि स्वतःवर जाम खूश. तीन महिन्यांनी काट्यावर उभा राहिलो तर वजन जिथल्या तिथे. कारण काय, तर दुपारी कॅन फोडताना मी मनात म्हणायचो की चला आज साखर वाचली, आणि त्या वाचलेल्या साखरेच्या जिवावर संध्याकाळी लोअर परळ स्टेशनबाहेर दोन वडापाव, कधी वर एक भजीपाव. आणि घरी आई रोज एकच, "त्या गोळ्यांनी कॅन्सर होतो रे, फेकून दे आधी."

तर या एका वर्षात मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून पिडलं आणि स्वतःवर करून बघितलं ते इथे ओळीने लिहितोय. मी डॉक्टर नाही, तुमच्या गोळ्या-इन्सुलिनचं तुमच्याच डॉक्टरांना विचारा.

स्टेप १: चार दिवस फक्त लिहून काढा

काहीही बदलू नका, बंद करू नका. मोबाईलमध्ये नोट उघडायची आणि पाण्याशिवाय जे जे पिताय ते लिहायचं, वेळेसकट. चहा किती कप, किती चमचे साखर, टपरीवरचं कटिंग, कॅन्टीनची मशीनची कॉफी (ती बऱ्याचदा आधीच गोड असते), रसवंतीचा उसाचा रस, लिंबू सरबत, डाएटचा कॅन, सगळं. चारातला एक दिवस रविवार धरा, कारण रविवारी आपण वेगळेच प्राणी असतो.

मग साखरेचा हिशोब. चहाचा एक भरलेला चमचा साधारण ५ ग्रॅम, म्हणजे २० कॅलरी. चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे धरले तर ४० ग्रॅम झाले, १६० कॅलरी, आणि हे बिस्किट न बुडवता. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ पासूनचं म्हणणं असं की वरून घातलेली साखर, मध, रस यातून येणाऱ्या कॅलरी दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर ५ टक्के. २००० कॅलरी खाणाऱ्याला ५० ग्रॅम ही वरची हद्द आणि २५ ग्रॅम चांगली. साध्या कोल्यात १०० मिलीला साधारण १०.६ ग्रॅम साखर असते, ३०० मिलीच्या कॅनला गुणून बघा, ३२ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. सहा चमचे साखर घातलेला चहा आपण थुंकून टाकू पण थंड आणि फसफसता असला की घटाघट जातो.

आता खरी गंमत. त्या नोटमध्ये प्रत्येक डाएट ड्रिंकच्या पुढे एक शब्द लिहा, ते कशाच्या जागी प्यायलात. साध्या कोल्ड्रिंकच्या जागी असेल तर तुमचे ३२ ग्रॅम खरोखर वाचले. पाण्याच्या नाहीतर ताकाच्या जागी असेल तर काहीच वाचलं नाही, उलट एक नवीन सवय लावून घेतली. माझ्या यादीत चार दिवसांत सात कॅन होते आणि त्यातले फक्त दोन कोल्ड्रिंकच्या जागी होते! बाकीचे पाच मी आधी पाणीच प्यायचो हो. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

स्टेप २: कॅन उलटा करा आणि बारीक अक्षरं वाचा

समोर 'झिरो', 'डाएट', 'लाइट' काय वाटेल ते लिहिलेलं असतं, कामाचं सगळं मागे. तिथे स्वीटनरचं, म्हणजे साखरेऐवजी गोडी आणणाऱ्या पदार्थाचं, नाव किंवा नंबर असतो. ९५० म्हणजे एसिसल्फेम-के, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. ४२० सॉर्बिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल आणि ९६८ एरिथ्रिटॉल, ही दुसरी जात, त्यांच्याकडे मिठाईच्या वेळी येतो.

भारतात 'शुगर फ्री' लिहायचं तर १०० ग्रॅम किंवा १०० मिलीमागे साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, हा एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम. 'नो अ‍ॅडेड शुगर' ही वेगळी गोष्ट, त्यात वरून साखर घातलेली नाही एवढंच, फळाची स्वतःची असतेच, ज्यूसचे खोके त्यावरच विकले जातात. अजून एक फसगत म्हणजे काही साध्या कोल्ड्रिंकमध्ये आता साखर कमी करून उरलेली गोडी स्वीटनरने भरलेली असते, म्हणजे दोन्ही पोटात. आणि शुगरफ्रीची पुडी असेल तर तिच्यात स्वीटनर चिमूटभरच असतो, बाकी पूड माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लॅक्टोजसारख्या भरावाची, कारण सुक्रालोज साखरेच्या ६०० पट गोड, नुसतं दिलं तर तुम्ही चिमटीत धरणार कसं. एकदोन पुड्यांनी काही बिघडत नाही पण दिवसाला दहा लागत असतील तर मोजा.

सुक्रालोजची गोष्ट सांगायलाच हवी कारण त्यात आपलं आडनाव आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचे संशोधक साखरेत क्लोरीन घालून बनवलेल्या पदार्थांवर काम करत होते, वरिष्ठांनी सांगितलं की हे तपासून बघ, यांनी ऐकलं की चाखून बघ, आणि चाखलं. देवनागरीत लिहिलं तर दोन्ही इंग्रजी शब्द 'टेस्ट'च होतात, त्यामुळे मला तरी त्यांची चूक वाटत नाही. तसं या धंद्यातले बरेच शोध असेच लागलेत, १८७९ मध्ये फालबर्ग नावाच्या संशोधकाला सॅकरीन सापडलं ते प्रयोगशाळेतून आल्यावर हात नीट न धुता जेवायला बसल्यामुळे आणि १९६५ मध्ये श्लॅटर नावाच्या संशोधकाला अ‍ॅस्पार्टेम सापडलं ते कागद उचलायला बोट चाटल्यामुळे.

स्टेप ३: कॅन्सरचा मेसेज आला की हा हिशोब करा

आईकडे आलेला मेसेज अगदी हवेतून आलेला नव्हता. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने, आयएआरसीने, अ‍ॅस्पार्टेमला २बी गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक असू शकेल, पुरावा तोकडा'. हा गट फक्त पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही, आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी नेमकं तेवढंच गाळलेलं असतं. त्याच वेळी अन्नात मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांवरच्या दुसऱ्या समितीने, जेक्फाने, सगळं तपासून रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम.

करा गुणाकार. वजन ७० किलो, गुणिले ४०, झाले २८०० मिलिग्रॅम. एका डाएट कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलं तर रोज ९ ते १४ कॅन प्यावे लागतील तेव्हा मर्यादा ओलांडते. चहाच्या अ‍ॅस्पार्टेमवाल्या गोळीत तर जेमतेम १८-२० मिलिग्रॅम. हे आईला कागदावर मांडून दाखवलं तर ती म्हणाली, "मग पिऊच नको ना, हिशोबच नको." आता यावर काय बोलणार.

पण हाच गुणाकार २० किलोच्या पोरासाठी करा. ८०० मिलिग्रॅम, म्हणजे तीन-चार कॅन. मोठ्यांना जे अशक्य वाटतं ते मुलाच्या बाबतीत वाढदिवसाच्या पार्टीत, वर शुगरफ्री जेली आणि च्युइंगगम धरून, तितकं लांब राहत नाही. पॅकवर लहान मुलांसाठी नाही असं बारीक अक्षरात येतं ते उगाच नाही. मुलांना साखरेचंही कोल्ड्रिंक नको आणि डाएटचंही नको, आमच्या घरी हा विषय बंद आहे.

सॅकरीनचं भूत सगळ्यात जुनं. सत्तरच्या दशकात उंदरांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला, १९७७ मध्ये कॅनडाने बंदी आणली, अमेरिकेने पाकिटावर इशारा छापायला लावला, नंतर कळलं की नर उंदरांच्या लघवीत जे घडतं ते माणसात तसं घडत नाही आणि २००० साली तो इशारा काढला. सुट्या सरबतात आणि बर्फाच्या गोळ्यात सॅकरीन आहे का ते बघायला मात्र मागे लेबलच नसतं. जिभेच्या मागे कडवट, धातूसारखी चव रेंगाळली तर समजा की नुसती साखर नाही. मी गोळा सोडलेला नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, वर्षातून दोनदा खातो.

मग प्रॉब्लेम आहे कुठे?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला म्हणून हे स्वीटनर वापरू नका. बऱ्याच वर्षांच्या अभ्यासांत जे लोक ते जास्त घेतात त्यांच्यात टाइप २ डायबेटिस आणि हृदयविकार जास्त दिसले. इथे मात्र एक मेख आहे, ज्याचं वजन आधीच वाढलंय, ज्याला डॉक्टरने आधीच दम दिलाय तोच डाएटच्या कॅनकडे वळतो ना, माझंच उदाहरण घ्या. म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडं हे त्या अभ्यासांतून नक्की कळत नाही आणि संघटनेनेही ही शिफारस 'सशर्त' ठेवलीय. दुसरीकडे लोकांना गट पाडून जिथे साखरेच्या ड्रिंकच्या जागी डाएट ड्रिंक दिलं तिथे वजन थोडंसं कमी झालं. थोडंसंच बरं का. परत तेच, कशाच्या जागी.

पोटातल्या जंतूंचाही प्रश्न आहे, स्वीटनरने ते बदलतात का हा. इस्रायलमध्ये १२० माणसांवर केलेला प्रयोग २०२२ साली छापून आला, त्यात सॅकरीन आणि सुक्रालोज दोन आठवडे घेतल्यावर साखर पचवण्याची पद्धत काहींची बदलली आणि काहींची नाही. म्हणजे शेजारच्या काकांना चाललं म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही आणि उलटही.

डायबेटिस असलेल्यांना ती मे २०२३ ची शिफारस लागू नाही हे लोक वाचतच नाहीत. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने टाइप २ वाल्यांच्या चहा-कॉफीतली साखर काढून १२ आठवडे सुक्रालोज दिलं तर एचबीएवनसी वाढलं नाही आणि वजन नि कंबर थोडी उतरली. माझ्या सासऱ्यांना २२ वर्षं शुगर आहे, ते सकाळच्या चहात एक गोळी टाकतात, त्यांच्या डॉक्टरांची हरकत नाही आणि मीही त्यांच्या वाटेला जात नाही.

ज्यांनी खरंच थांबून विचारायला हवं ते वेगळे. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असेल तर अ‍ॅस्पार्टेम साफ बंद, कारण त्यातून फिनाइलअ‍ॅलनिन सुटतं आणि ते अशा शरीराला पुढे मोडता येत नाही, पॅकवर तसा इशाराही असतो. गरोदर असाल तर सॅकरीन टाळा आणि बाकीचं तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. अर्धशिशी असलेल्या काही जणांना डाएट ड्रिंकनंतर डोकं चढतं, दोन आठवडे बंद करून फरक पडतो का बघा.

शुगर लो झाली तर डाएट कोक देऊ नका!

हे मुद्दाम वेगळं लिहितोय. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असलेल्या माणसाला घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं, तर त्याला लगेच साखर हवी. आमच्या सोसायटीत एका काकांना गणपतीच्या आरतीत असं झालं आणि धावत जाऊन कोणीतरी फ्रिजमधला डाएटचा कॅन आणला, का तर "यांना शुगर आहे ना". त्यात साखर शून्य, त्याने काय होणार. तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून द्या, म्हणजे १५ ग्रॅम, १५ मिनिटं थांबा, ग्लुकोमीटरवर बघा, नाही वाढली तर परत द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, सरळ १०८ ला फोन. घरात शुगरचं माणूस असेल तर दाराजवळच्या ड्रॉवरमध्ये ग्लुकोजची पुडी आजच ठेवा, हा लेख अर्धा सोडून उठलात तरी चालेल.

स्टेप ४: चहा उतरवा, हळूहळू

साखर सोडून गोळी घेतली की जिभेची गोडीची हाव आहे तशीच राहते. म्हणून मी गोळीही उतरवली. पहिले दोन आठवडे दोनाचे दीड चमचे, मग एक, मग अर्धा, प्रत्येक पायरीला दोन आठवडे. एकदम शून्यावर आलात तर चौथ्या दिवशी टपरीवर डबल साखरेचं कटिंग मारून याल, माझं तेच झालं होतं. आलं आणि वेलची जरा वाढवा, कमी साखर कमी कळते. टपरीवाल्याचा चहा आधीच उकळलेला असतो, त्याला 'कमी साखर' सांगण्यात अर्थ नसतो, तिथे कप कमी करणं एवढंच हातात. कोणाला गोळी ठेवायचीच असेल तर अ‍ॅस्पार्टेमवाली उकळत्या चहात टाकू नका, उष्णतेने ते मोडतं आणि गोडी जाते, कपात ओतल्यावर टाका. आणि गुळाचा चहा म्हणजे बिनसाखरेचा चहा नव्हे. मध पण नाही. सासूबाईंशी यावरून माझं एकदा वाजलंय.

स्टेप ५: कॅनची वेळ पकडा

माझी दुपारी साडेतीनची होती, जेवणानंतर पेंग यायची तेव्हा. म्हणजे मला गोडी नको होती, कॅफीन हवं होतं. साखर काढली तरी कोलातलं कॅफीन राहतंच, म्हणून एकदम बंद केलं तर दोन दिवस डोकं दुखतं. रोजचे दोन असतील तर आधी संध्याकाळचा काढा, झोपही सुधारते, मग दुपारचा एक दिवसाआड करा. फेस आणि गारवा हवा असेल तर साधा सोडा, त्यात लिंबू पिळून चिमूटभर काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड (बीपी असेल तर मीठ नको). ताक सगळ्यात भारी. कोकम सरबताचं तयार सिरप म्हणजे निम्मी साखरच, त्यापेक्षा दादरला किंवा कोकणातून कोणी येणार असेल त्यांच्याकडून आमसुलं आणा, रात्री भिजत घाला, सकाळी ते पाणी गाळून जिरं-मीठ घालून बाटलीत भरा. मी तीच बाटली ट्रेनमध्ये नेतो, अंधेरीपर्यंत संपते. पहिले आठ दिवस आंबट लागतं, मग लागत नाही.

दातांचं कोणी बोलतच नाही. डाएट असो नाहीतर साधं, कोलात फॉस्फोरिक अ‍ॅसिड आणि लिंबूवाल्या ड्रिंकमध्ये सायट्रिक अ‍ॅसिड असतं, लेबलवर ३३८ आणि ३३० बघा. दाताचं वरचं कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं आणि ही ड्रिंक बरीच खाली असतात. मी एक कॅन टेबलवर ठेवून दोन तास घोट-घोट प्यायचो, डेंटिस्ट म्हणाली की यापेक्षा दहा मिनिटांत संपवून टाका. वर साध्या पाण्याची चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. हे माझ्या लिंबू सोड्यालाही लागू आहे, सुटका नाही.

शुगरफ्री मिठाई

मागच्या दिवाळीत एका नावाजलेल्या दुकानातून शुगरफ्री काजूकतली आणली, किंमत दीडपट. सगळ्यांनी 'शुगरफ्रीच आहे' म्हणत पाच-सहा उडवल्या आणि रात्री घरात एकच बाथरूम. खोक्यावर ९६५ होतं, माल्टिटॉल. ही सॉर्बिटॉल-माल्टिटॉल मंडळी आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत, पाणी ओढतात, गॅस करतात, जास्त झाली तर जुलाब. वर माल्टिटॉल रक्तातली साखर थोडी वाढवतंच, त्यात कॅलरी साखरेच्या निम्म्याहून जास्त असतात, आणि काजू नि तूप काय कुठे जात नाही. एरिथ्रिटॉलला कॅलरी जवळपास नाहीत पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तात ते जास्त असलेल्यांत हार्ट अ‍ॅटॅक आणि स्ट्रोक जास्त दिसले, कारण सिद्ध झालेलं नाही, तरी हृदयाचा त्रास असेल तर किटो-बिटोच्या नादात चमचे भरून खाऊ नका. त्यापेक्षा खऱ्या साखरेची एकच कतली खा, जेवणानंतर, बसून, चवीने. उकडीचा मोदक तर मी शुगरफ्री करूच देणार नाही, एक खाईन पण गुळाचाच खाईन.

तीन महिन्यांनी

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे पंधरा दिवसांनी टेस्ट करून पैसे घालवू नका. स्टेप १ ची नोट परत चार दिवस लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवा. माझ्या दुसऱ्या नोटमध्ये चार दिवसांत एक कॅन होता, चहा तीन कप, अर्धा चमचा. एचबीएवनसी ५.९ आलं, पण त्यात वडापाव आठवड्याला एकावर आणल्याचा आणि दादरहून घरी चालत यायला लागल्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय कॅनला देता येत नाही. उरलेला तो एक कॅन शुक्रवारचा, मित्रांसोबत, साध्या कोल्ड्रिंकच्या जागी. आईला अजून पटलेलं नाही, ती तो कॅन फ्रिजमध्ये दिसला की ताकाच्या पातेल्यामागे सरकवून ठेवते.